चतुर्थीचा चंद्र मध्यरात्री

चि. मनीस,


तुझ्या गोष्टीचं बाड मिळालं. वाचूनही झालं. पण आधी तुझ्या चिठ्ठीतल्या त्या एका ओळीबद्दल बोलतो, कारण तिने माझी झोप उडवली आहे. ‘नकाशाचं शेवटी बघू, एखाद्या चित्रकाराकडून करून घेऊ, मुलांना आवडतो म्हणून.’ मनी, हे तू लिहावंस? माझ्या जुन्या टिपणवह्यांच्या कोऱ्या पानांवर बेटंच्या बेटं काढणारी तू? आक्काने ती वही माळ्यावर टाकली तेव्हा केवढा आकांत केला होतास! त्या वहीत एकाही बेटाची गोष्ट नव्हती, फक्त नकाशे होते. गोष्टी तू बोट फिरवत तोंडी सांगायचीस, आणि मध्येच नदी आली की थांबून विचारायचीस, ‘आता पलीकडे कसं जायचं?’ मला वाटतं, तुझं लेखन तिथेच सुरू झालं.

स्टीव्हन्सनचं तुला मी किती वेळा सांगितलं आहे! 1881चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर पाऊस. लहानगा सावत्र मुलगा लॉइड रंग घेऊन बसलेला, आणि त्याच्या सोबतीने हा एका बेटाचा नकाशा रंगवतो. तेव्हा ना गोष्ट होती, ना पात्रं. नकाशाकडे बघता बघता त्याला त्या रानातून माणसं येता-जाताना दिसू लागली आणि ‘ट्रेझर आयलंड’ सुरू झालं. एवढं तुझ्या लक्षात आहेच. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते तू विसरलीस. त्या नकाशात त्याने दोन बंदरं काढली होती. का काढली, तर काढावीशी वाटली. मग त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं की, दोन बंदरं होती म्हणूनच ‘हिस्पॅनिओला’ जहाजाला इझ्राएल हँड्सबरोबर भरकटावं लागलं. म्हणजे बघ, नायक जिमचं जहाजावर त्या खुन्याबरोबर एकटं सापडणं, डोलकाठीवर चढणं, ते पिस्तूल, हे सगळं एका जास्तीच्या बंदरातून आलं. लेखकाला ते सुचलेलं नव्हतं. कागदावर जागा होती, आणि ती जागा काहीतरी मागत होती.

आणि पुढचं ऐक. पुस्तक निघायचं होतं 1883मध्ये. प्रकाशकांकडे पाठवलेला तो नकाशा गहाळ झाला. मग स्टीव्हन्सन बसला सगळं पुस्तक पुन्हा चाळत, त्यातला एकेक उल्लेख टिपत, आणि कंपास घेऊन त्या मजकुराला जुळेल असा नवा नकाशा काढला. तोही वडिलांच्या कचेरीत. दीपगृहं बांधणारं घराणं ते, तिथे आखणीला काय तोटा! देवमासे काढले, जहाजं काढली, वडिलांनी हौसेने कॅप्टन फ्लिंटची सही ठोकून दिली. तरी तो म्हणतो की, हा नकाशा माझ्यासाठी कधीच ‘ट्रेझर आयलंड’ झाला नाही. मनी, तू चित्रकाराकडून करून घेणार आहेस तो हा दुसरा नकाशा आहे. पहिला तू काढलेलाच नाहीस.

कशावरून म्हणतो? तुझ्या बाडावरून. सहाव्या प्रकरणात विनायकी चतुर्थीच्या मध्यरात्री ती दोन भावंडं चांदण्यात खिंड ओलांडतात. अगं, शुद्ध चतुर्थीचा चंद्र नऊ-साडेनऊच्या सुमारास मावळतोसुद्धा! संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत ताटकळणाऱ्या घरात तू वाढलीस, आणि शुद्ध-वद्य विसरलीस? त्याच खिंडीपर्यंत जाताना दुसऱ्या प्रकरणात दोन दिवस लागतात, नवव्यात मात्र मुलं जेवून निघतात आणि दिवेलागणीला पोचतात. ओढा एकदा उजव्या हाताला आहे, एकदा डाव्या. येताना वळला असेल म्हणून मी दोनदा ताडून पाहिलं. नाही जमत.

उगाच चुका काढतोय असं समजू नकोस. या बाबतीत वॉल्टर स्कॉटही सुटलेला नाही. स्टीव्हन्सननेच 1894च्या एका लेखात दाखवून दिलं आहे की, ‘द अँटिक्वेरी’मध्ये सूर्य पूर्वेला मावळतो. आणि ‘रॉब रॉय’मध्ये तातडीने निघालेल्या दोन घोडेस्वारांना नव्वद-शंभर मैलांना सहा दिवस लागतात, मग आठवडा संपायच्या आत त्याच घोड्यांवर ते एका दिवसात पन्नास मैल काटतात. त्याचं सांगणं इतकंच की, खरा असो की कल्पनेतला, आपला मुलूख लेखकाला तळहातासारखा ठाऊक हवा, आणि पंचांग हाताशी हवं. चंद्राने त्यालाही ‘प्रिन्स ऑटो’मध्ये दगा दिला होता, त्यातूनच हा शहाणपणा आला. टोल्कीननेही 1954च्या एका पत्रात म्हटलं आहे की, मी नकाशापासून सुरुवात केली आणि गोष्ट त्यात बसवली. त्यालाही चंद्राच्या तिथी जुळवताना मागच्या प्रकरणांतले भाग पुन्हा लिहावे लागले.

तू फोनवर मालगुडी काढलंस. नारायण कुठे नकाशा छापत होते, म्हणालीस. नव्हते छापत. पण ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ 1935चं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं सरयू नदी, मार्केट रोड, मेंपीचे डोंगर त्यांनी जपले. म्हणून तर वाचकांना नुसत्या कादंबऱ्यांवरून मालगुडीचा नकाशा काढता आला. छापण्याचा हट्ट माझा नाहीच मुळी. वाटल्यास एकालाही दाखवू नकोस. पण तुझ्या टेबलावर तो हवा, आणि त्याने तुला अडवायला हवं.

फॉकनर बघ. 1936च्या ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ला त्याने आपल्या योकनापटॉफा परगण्याचा नकाशा जोडला. क्षेत्र 2,400 चौरस मैल, लोकसंख्या अमुक, आणि खाली एकमेव मालक म्हणून स्वतःचं नाव. सातबाराच तो! ते पान मी जेव्हा जेव्हा उघडतो तेव्हा मला भरून येतं. जन्मभर मी लोकांच्या बांधावर साखळी धरून उभा राहिलो, भावाभावांत वीतभर जमिनीसाठी डोकी फुटताना पाहिली. जमीन मोजली की माणूस खोटं बोलायचा थांबतो असं मी म्हणणार नाही, पण त्याला खोटं बोलणं जड जातं. गोष्ट लिहिणाऱ्यालाही तसंच जड जायला हवं. अंतर नसेल तर उशीर होत नाही. उशीर होत नसेल तर तुझ्या गोष्टीतल्या वाट बघणाऱ्या आजीची काळजी वाचकाने का करावी?

आणि आता खरं सांगतो, मला नकाशापेक्षा दुसरंच काही खुपतंय. तुझ्या गोष्टीतल्या बेटावर कुणी दमत नाही, मनी. कुणाला भूक लागत नाही, कुणाचे पाय दुखत नाहीत, सगळी खिंडीमागून खिंडी चढत राहतात. आणि प्रत्येक प्रकरणाखाली तू वेळ टाकली आहेस, रात्रीचे दोन, पहाटेचे तीन. सकाळी साडेआठला ऑफिसची बस पकडायची असते ना तुला? दमणं म्हणजे काय, हे लिहायचं तू विसरलीस की तुला ते जाणवेनासंच झालंय? आक्का म्हणत होती, डोकेदुखी परत सुरू झाली आहे आणि तू गोळ्या घेऊन लिहायला बसतेस. मला हे मुळीच पसंत नाही.

प्रकाशकांना दिवाळीचा हट्ट सोडायला सांग. पुस्तक उन्हाळ्यात आलं तर मुलांना सुट्टीच असते. चार दिवस रजा काढ आणि इकडे ये. मोठे कोरे कागद माझ्याकडे आहेत, मी एक रेघही ओढणार नाही, सगळं तूच काढ. सकाळी टेकडीच्या पाणंदीने चालायला जाऊ, ओझं घेऊन लहान मुलांच्या पायांना किती वेळ लागतो याचा अंदाज घेऊ. तोवर बाड कुणाला देऊ नकोस.

डोळे तपासून घेतलेस का, ते आधी कळव. आणि हे पत्र रात्री वाचत असशील तर उत्तर उद्या लिही.

तुझा,
आप्पामामा