खुणेचे ठिपके

इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, पाठीवर सरकत गाडीखाली गेले, बॅटरीचा झोत वर धरला आणि ते ठिपके दिसले. सहा कनेक्टिंग रॉड, त्यांच्या सहा टोप्या. पहिल्या टोपीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, असे सहापर्यंत. मोहरीच्या दाण्याएवढे. काळ्या तेलाखाली किती वर्षं झाकलेले होते, कोण जाणे.

"बाबा, कुणीतरी पंच मारून ठेवलेत."

खुर्चीतून आवाज आला, "सरळ आहेत की कलते?"

नखाने चाचपून पाहिलं. कलते होते. प्रत्येक ठिपक्याची एकच कड खोल गेलेली. कोणती, तेही बाबांनी विचारून घेतलं. मग थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत.

"डावखुरा होता," ते म्हणाले. "तुझ्यासारखा."

आमचं घर जुनी इंदूरमधलं. होळकरांची राजधानी 1818 नंतर इंदुरात आली आणि शहर राजवाड्याच्या बाजूने वाढत गेलं. त्याच्याही आधीचं गाव या बाजूला, कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांच्या आसऱ्याने वसलेलं. मंडलोई जमीनदारांचा बडा रावळा इथलाच, शनिमंदिर इथलंच. गल्ल्या अशा, की समोरच्या घरात फोडणी पडली की आपल्या माजघरात ठसका लागावा. घराच्या पुढच्या खणात पूर्वी गोठा होता. गाई गेल्यावर तिथे बाबांची अवजारं आली आणि आम्ही त्याला 'कारखाना' म्हणू लागलो. भिंतीतल्या दावणीच्या कड्या मात्र अजून आहेत. त्यांतल्या एका कडीला बाबांचे रिंग पाने नंबरवार लटकलेले असतात.

या कारखान्यात ती आली एका पहाटे, दूधवाला यायच्या आत, आठ जणांनी ढकलून. निसान वन टन. लष्करात तिची ओळख एवढीच. चारही चाकांना जोर देणारा ट्रक. जन्म जबलपूरचा, 1969 मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीतला. जिच्या नावातच जबलपूर ऑर्डनन्स आणि गन कॅरेज दडलेलं आहे, त्या जोंगाची ही मोठी बहीण. दोघींचं इंजिन एकच. सैन्याने तिला निवृत्त केल्यावर महूच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने ती लिलावात घेतली, काही वर्षं चालवली आणि मग कडुनिंबाखाली उभी करून ठेवली. मी पाहिली तेव्हा तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. 2019 मध्ये महेंद्रसिंग धोनीने अशीच एक जुनी लष्करी निसान घेतली होती, त्यामुळे गल्लीतल्या पोरांनी तिला लगेच 'धोनीवाली गाडी' करून टाकलं. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, चारही चाकांपाशी थांबले, बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "उघडायची आहे ना? मग आधी खुणा."

बाबा कापड गिरणीत फिटर होते. इंदुरात पहिली गिरणी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात आली आणि पुढे भोंग्यावर उठणारं एक अख्खं शहर तयार झालं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या रात्रभर रस्त्याने जात. त्यांतल्या गरुडाचे पंख हलत, राक्षसाचे डोळे फिरत. लहानपणी मला वाटे, ते देवाच्या शक्तीने हलतात. बाबांनी एकदा मला झांकीच्या मागच्या बाजूला नेऊन दाखवलं: एक मोटर, एक पट्टा, एक लंबगोल चकती. "ही चकती मी कापली," ते म्हणाले. माझी देवावरची श्रद्धा त्याने तसूभरही कमी झाली नाही. बाबांवरची मात्र फार वाढली.

नव्वदीच्या सुरुवातीला त्यांची गिरणी बंद पडली. घरी आले तेव्हा त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता आणि डब्यात एक सेंटर पंच, त्यांच्या स्वतःच्या पैशाने घेतलेला. हजारो माणसांचे हात त्या काळात असे रिकामे झाले. त्या हातांतलं शहाणपण मग गल्लीबोळांत पाझरलं. कुणी लेथ टाकली, कुणी सायकली जोडल्या, कुणी पंप दुरुस्त केले. आजही लोहामंडीकडे गेलं, की एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात लेथवर वाकलेला म्हातारा भेटतो आणि चिमटीत धरून काम कसं झालंय ते सांगतो.

गिरणीतून बाबांनी एक नियम घरी आणला होता: खूण केल्याशिवाय काही उघडायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात पंच दिला, तेव्हा मी हातोडी डाव्या हातात घेतली. ताटावर, पाटीवर, देवापुढे, सगळीकडे तो हात मागे घ्यायला सांगितलेला. कारखान्यात बाबा म्हणाले, "ज्या हातात जोर आहे त्या हाताने मार." मी हे काम शिकले ते त्या एका वाक्यावर.

गाडी उघडायला सुरुवात केली तेव्हा आधी माती निघाली. चेसिसच्या पोकळीत, स्प्रिंगांच्या पानांत, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर माळव्याची काळी माती दगड होऊन बसली होती. पाणी मारलं तशी ती फुगली, सैल झाली, आणि आमच्या गोठ्यात पहिल्या पावसाचा वास सुटला. हीच माती चाकाला धरते आणि हीच सोडत नाही. तिच्यातून निघण्यासाठीच तर ही गाडी घडवलेली. गंजलेले बोल्ट डिझेल पीत दोन-दोन दिवस पडून राहत, मग गॅसची ज्योत, मग पान्याला जोडलेला लांब पाइप आणि शेवटी ती 'टक्'. इंजिन काढायच्या दिवशी मी चेन-कप्पी घराच्या तुळईला अडकवायला निघाले होते. बाबांनी हात धरला. "तुळईवर घर आहे." मग पाइपांची तिकाटी उभी केली.

मोजमापं घेताना मी मोठ्याने आकडे वाचत होते. सिलिंडरचा मूळ व्यास 85.7 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 114.3. असे सहा मिळून 3956 घन सेंटिमीटर. बाबांनी वर पाहिलं. "114.3 म्हणजे बरोबर साडेचार इंच. जपानी इंजिन इंचांत कसं?"

ते शोधताना एक लांबची वाट सापडली. 1936 च्या सुमारास निसानने अमेरिकेतल्या ग्रॅहम-पेज या मोटार कंपनीकडून इंजिनाचं डिझाइन आणि ते घडवायची यंत्रं घेतली. त्याच वंशात पुढे हे इंजिन आलं. वाल्व्ह बाजूला होते ते डोक्यावर गेले, सिलिंडर रुंद झाले, पण धाव तीच राहिली. अमेरिकेत कुणीतरी इंचपट्टीने ठरवलेलं एक माप योकोहामाला गेलं, तिथून जबलपूरला आलं आणि आता आमच्या गोठ्यात बाबांच्या व्हर्नियरच्या जबड्यात होतं. बाबांनी ते व्हर्नियर बराच वेळ मिटलं नाही.

सिलिंडर वरच्या टोकाला जास्त झिजले होते. तिथे दट्ट्या वळतो, तिथेच आग लागते, आणि तेल तिथवर पातळच पोचतं. ब्लॉक खरादवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी आत बोट फिरवलं, डोळे मिटले आणि झीज सांगितली. गेजने नंतर तेच सांगितलं. चौथा रॉड मात्र वाकलेला निघाला. भंगारातल्या एका जोंगाचा रॉड मिळाला, पण तो बाकीच्या पाचांपेक्षा काही ग्रॅम जड होता. सहा भाऊ सारख्या वजनाचे नसले, तर इंजिन थरथरतं. सराफ्यात ओळखीच्या पेढीवर जाऊन, चांदी तोलतात त्या काट्यावर आम्ही सहाही रॉड तोलले. घरी येऊन कानशीने घासायचं आणि पुन्हा सराफ्यात जायचं. तिसऱ्या फेरीला काटा स्थिरावला. सोन्याच्या गादीवर तेलकट लोखंड ठेवू देणाऱ्या त्या शेटजींनी मजुरी घेतली नाही.

पुढचा एक्सल हा मला सगळ्यात जवळचा वाटलेला भाग. क्राऊनचे दात आणि पिनियनचे दात एकमेकांवर नेमके कुठे टेकतात, हे पाहायला जुने मिस्त्री शेंदूर वापरतात. मारुतीला लावतात तोच, तेलात कालवलेला. दातांवर बोटाने लावायचा आणि क्राऊन सावकाश फिरवायची. जिथे दात दाताला भेटला तिथला शेंदूर पुसला जातो. ठसा दाताच्या मधोमध पडला पाहिजे. टोकाला पडला तर गाडी ओरडेल, मुळाशी पडला तर दात खाईल. मग पातळ चकत्या काढायच्या, घालायच्या, पुन्हा शेंदूर. एका शनिवारी संध्याकाळी देवळातली घंटा ऐकू येत होती आणि माझी बोटं केशरी झाली होती. नवव्या वेळी ठसा मधोमध आला. आईने दारातून पाहिलं आणि नुसते हात जोडले.

चारही चाकांना जोर, हे ऐकायला सोपं वाटतं. गिअरबॉक्सला चिकटलेल्या ट्रान्सफर केसमधून जोर दोन वाटांनी जातो, एक मागे, एक पुढे. पण वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठी कमान कापावी लागते. दोन्ही एक्सल एकत्र जोडलेले असले, तर पुढच्यांना जास्त फिरायचं असतं आणि मागचे त्यांना फिरू देत नाहीत. कोरड्या डांबरावर हा ताण आत पिळत राहतो आणि एखादा शाफ्ट मोडतो. चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. म्हणून सडकेवर पुढची चाकं मोकळी ठेवायची आणि चिखल आला की जोडायची. हे समजावताना बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, दांडा हातात घेऊन पुढेमागे करत होते. "पुढे चालणाऱ्याची वाट नेहमी लांब पडते," एवढंच म्हणाले. मला त्यांच्या बंद गिरणीनंतरची वर्षं आठवली. माझ्या फीच्या पावत्या आठवल्या.

पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्यात, किंगपिनच्या टोपीखाली, मूळ पोलादी चकत्यांमध्ये एक वेगळी चकती निघाली. पत्र्याच्या डब्यातून कापलेली. कडा कानशीने घासलेल्या, भोकं गोल, एका बाजूला निळ्या रंगाची पुसट रेघ. मी ती कचऱ्यात टाकणार होते, चाचांकडे चांगल्या चकत्या होत्या. बाबा म्हणाले, "आधी माप." मायक्रोमीटरने जाडी भरली ती पाहिजे तितकीच. जागी बसवून, स्प्रिंगकाट्याने सांधा ओढून पाहिला. ओढ अगदी हवी तेवढी. कुठल्यातरी तळावर, कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला, सुटा भाग मिळत नसताना, कुणीतरी डबा रिकामा केला होता आणि तो घाईत कापला नव्हता. तोच डावखुरा असेल का? मला तसं वाटून घ्यायला आवडलं. चकती जिथली तिथे ठेवली.

तोवर मी गाडी नवी करायला निघाले होते. त्या चकतीनंतर ती चालती करायला लागले. या दोन कामांत मोठा फरक आहे. नवी करताना आधीच्या माणसांचं सगळं पुसावं लागतं. चालती करताना आधीच्या प्रत्येकाचं ऐकून घ्यावं लागतं: कुणी हा बोल्ट बदलला, का बदलला, त्याने काय सोसलं. जे बरोबर आहे ते राहू द्यायचं. जे मोडलं आहे तिथे आपला हात लावायचा, आणि तो पुढच्याला वाचता येईल असा लावायचा. जुनी इंदूर अशीच टिकली आहे. इथल्या एकाही भिंतीत एकाच काळाच्या विटा नाहीत.

चेंबर बंद करायच्या आदल्या दिवशी बाबांनी डब्यातून पंच काढला. चौथ्या, बदललेल्या रॉडची टोपी कोरी होती. बाबांचे हात आता थरथरतात. पंच त्यांनी माझ्याकडे दिला. मी उजव्या हाताने तो टोपीवर धरला, हातोडी डावीत घेतली. एक, दोन, तीन, चार. नखाने चाचपलं. माझेही ठिपके त्याच बाजूला कललेले. एक, दोन, तीन त्याचे. चार माझे. पाच, सहा पुन्हा त्याचे. ओळ पुरी झाली आणि मग ती तेलाखाली झाकली गेली.

रविवारी सकाळी रेडिएटर भरला, अंगणातल्या नळाच्या पाण्याने. इंदूर 1978 पासून नर्मदेचं पाणी पितं, खाली जलूदहून डोंगर चढवून आणलेलं. नर्मदाकाठच्या शहरात घडलेल्या गाडीला मी नर्मदेचंच पाणी पाजत होते, हे कळशी तिरपी करतानाच लक्षात आलं, आणि हात जरा सावकाश झाला.

दोनदा नुसती घरघर झाली. तिसऱ्यांदा ती जागी झाली, खाकरली, मग एका लयीत आली. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. दावणीच्या कड्या भिंतीत किणकिणू लागल्या. गल्लीतली पोरं दारात गोळा झाली. बाबा खुर्चीतून उठले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पहिला सिलिंडर. दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी ते थांबले. मी श्वास धरला. बराच वेळ ऐकून त्यांनी टोक उचललं आणि पाचव्यावर ठेवलं.