ऐंशी यार्डांची मर्यादा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात बर्कशायरच्या टेकड्या आहेत. त्यांच्या कुशीत, हौसाटॉनिक नदीच्या खोऱ्यात पिट्सफील्ड हे गाव वसले आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्क पाहून परतणारा आपला प्रवासी सहसा इकडे वळत नाही. आम्ही वळलो, ते एका जुन्या ठरावाच्या कुतूहलाने.

१७६१ साली रीतसर स्थापन झालेल्या या गावाला इंग्लंडचे मुत्सद्दी विल्यम पिट यांचे नाव मिळाले. १७९०च्या शिरगणतीत वस्ती सुमारे दोन हजार भरली. गाव वाढत होते, तेव्हा नवे प्रार्थनागृह बांधावयाचे ठरले. आराखडा बोस्टनचे नामांकित वास्तुशिल्पी चार्ल्स बुलफिंच यांचा. बांधकामाच्या आड येणारा एक विशाल एल्म वृक्ष तोडण्याची वेळ आली, तेव्हा लुक्रीशिया विल्यम्स या बाईंनी तो वाचविला आणि त्यांच्या यजमानांनी समोरची आपली जमीन गावाला दिली. त्यामुळे प्रार्थनागृहापुढे मोकळे पटांगण राहिले. आजचा पार्क स्क्वेअर तो हाच.

मोकळे पटांगण दिसले की पोरे तेथे जमणारच! पण प्रार्थनागृहाला काचेची तावदाने होती आणि त्या काळी काच ही चैनीची वस्तू होती. १७९१ साली गावसभेने ठराव केला की, तावदानांच्या रक्षणासाठी प्रार्थनागृहापासून ८० यार्डांच्या आत कोणीही चेंडूचा खेळ खेळू नये. खेळल्यास प्रत्येक वेळी ५ शिलिंग दंड. वडीलधाऱ्यांनी खेळांची नावेही नोंदविली : विकेट, क्रिकेट, बेसबॉल, बॅटबॉल, फुटबॉल, कॅट आणि फाइव्ह्‌ज.

ही यादी वाचताना दोन शतकांपूर्वीचे ते पटांगण डोळ्यांपुढे उभे राहते. विकेट या खेळात मोठा चेंडू जमिनीलगत सोडून बुटक्या, रुंद यष्ट्यांचा वेध घेत. फाइव्ह्‌जमध्ये हाताने चेंडू भिंतीवर मारीत. कॅट हा मोजक्या पोरांतही रंगणारा चेंडूफळीचा खेळ. बेसबॉलचे नियम तेव्हा गावोगाव निराळे असत. या प्रांतात पुढे रूढ झालेल्या रीतीत तर धावणाऱ्या गड्याला चेंडू फेकून मारला की तो बाद होई!

या ठरावाचे मोल कळावयास कूपर्सटाऊनची कथा ठाऊक हवी. बेसबॉल ही निखळ अमेरिकन निर्मिती असून पुढे सेनानी म्हणून गाजलेल्या ॲबनर डबलडे यांनी १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातील त्या गावी ती केली, असा निर्वाळा १९०७ साली एका समितीने दिला. १९३९ साली तेथे या खेळाचे भव्य स्मृतिमंदिरही उघडले. वास्तविक १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते आणि बेसबॉल हे नाव १७४४ साली लंडनमध्ये निघालेल्या एका बालपुस्तकातच आढळते. पुढे २००४ साली इतिहाससंशोधक जॉन थॉर्न यांना पिट्सफील्डच्या जुन्या इतिहासग्रंथात या ठरावाचा उल्लेख सापडला. शोध घेता मूळ कागदही गावात मिळाला. अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांत आज त्याची गणना होते.

त्या पटांगणाभोवती आता मोटारींची वर्दळ असते. एल्म वृक्ष १८६४ साली पडला. बुलफिंच यांच्या वास्तूच्या जागी १८५३चे दगडी चर्च उभे आहे. तेथून आम्ही पावले मोजीत निघालो. ८० यार्ड म्हणजे २४० फूट. तीन-चार मिनिटांचीही वाट नव्हे. तेव्हा ध्यानी आले की, गावाने खेळाला पाप म्हटले नव्हते, की पोरांना वेशीबाहेरही घालविले नव्हते. काचा फुटू नयेत एवढे अंतर मागितले, इतकेच. त्या मर्यादेपलीकडे खेळ चालू राहिला. १ जुलै १८५९ रोजी ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या महाविद्यालयांचा, अमेरिकेतील पहिला मानला जाणारा आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना याच गावी झाला. ॲमहर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला आणि त्याला जोडून झालेला बुद्धिबळाचा सामनाही!

आणखी एक मौज ऐकावयास मिळाली. नव्या चर्चसाठी जागा मोकळी करताना ते जुने प्रार्थनागृह हलवून मुलींच्या एका विद्यालयाच्या आवारात नेले आणि तेथे त्याची व्यायामशाळा झाली.

खेळाच्या जनकाचा शोध घेणाऱ्यांना एखादा सेनानी हवा होता. कागदाने दाखविली ती नाव नसलेली पोरे आणि काचांची काळजी वाहणारे त्यांचे वडील. पोरांनी आपल्या खेळाची नोंद ठेवली नाही. ती ठेवली त्यांना अडविणाऱ्यांनी. जुनी दप्तरे रद्दीत घालण्यापूर्वी दोनदा उघडून पाहावीत, ती यासाठीच.