शिंपल्यांचा पहारा

नागपूर, ४ फेब्रुवारी
सध्या 'मसल वॉच'वर वाचतो आहे. किनाऱ्यावरच्या शिंपल्यांकडून समुद्राच्या प्रदूषणाचा हिशेब घ्यायचा, ही कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली मांडली. १९८६पासून अमेरिकेच्या किनाऱ्यांवर ते काम नियमित सुरू झालं. शिंपला जागा सोडून पळत नाही, सतत पाणी गाळत असतो, आणि पाण्यात मोजायला अवघड असलेलं विष अंगात साठवतो. बाटलीतलं पाणी त्या घटकेचं सांगतं. शिंपल्याचं मांस मागच्या कित्येक आठवड्यांचं.

९ फेब्रुवारी
मालवणहून मित्राचा फोन. शिणाणे (मसल) आणि कालवं (ऑयस्टर) या शिंपल्यांतलं कोण जास्त खरं बोलतं, असं विचारत होता. म्हटलं, विष कोणतं त्यावर आहे. कालवं जस्त आणि तांबं भरपूर साठवतात. शिणाणे ते बऱ्याच अंशी आवरून धरतात. कालवांनी एकदा सरकारही हलवलं. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत त्यांची पैदास बसली, शिंपा जाड आणि वेड्यावाकड्या होऊ लागल्या. दोष निघाला बोटींच्या बुडाला लावायच्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिनचा. १९८२मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर तो रंग बंद केला. जगभरच्या बंदीचा करार २००८मध्ये अमलात आला.

१६ फेब्रुवारी
कन्हानच्या काठी जाऊन आलो. जुलै २०२२मध्ये खसाळ्याचा वीजकेंद्राच्या राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख कोलार नदीतून इथवर आली होती. आपल्या शहराचं काही पिण्याचं पाणी याच नदीतून उचलतात. अशा पाण्यावर पहारा ठेवायला वॉर्सात पाणीपुरवठ्याच्या केंद्रात आठ शिंपले संवेदक लावून बसवले आहेत. पाणी बिघडलं की ते मिटतात आणि धोक्याची सूचना जाते. गोड्या पाण्याचे शिंपले आपल्या नद्या-तलावांतही आहेत.

२० फेब्रुवारी
नागनदी सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सारं गोसेखुर्दच्या जलाशयात साचतं. तिथे ढिवर मासे धरतात, लोक ते खातात. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था १९५८पासून नागपुरात आहे. तिच्या मदतीने नागनदीच्या संगमाच्या वर, खाली आणि गोसेखुर्दला एकाच आकाराचे शिंपले जाळीच्या पिंजऱ्यांत काही महिने ठेवावेत, शिसं, कॅडमियम, पारा तपासावा आणि आकडे ढिवरांच्या गावांत मराठीत लावावेत. खर्च फार नाही. महापालिकेने यंदाच्या पावसाळ्याआधी हे सुरू करावं.