दीड मीटर

दीड मीटर म्हणजे किती, हे आम्हाला ठाऊक आहे अशी ५ मे २०२४ पर्यंत आमची समजूत होती. बी.एड. झालेले, वर्गात भूगोल आणि गणित शिकवणारे शिक्षक आम्ही. दीड मीटर म्हणजे जवळपास पाच फूट. वर्गातल्या चार फुटी फळ्यावर एक फूटपट्टी उभी केली की झाले. समुद्राच्या काठी वाढलेल्या माणसाने एवढ्या पाण्याला काय भ्यायचे?

(आम्ही 'आम्ही' लिहितो त्याला कुणी रुबाब समजू नये. लहानपणी तोंडून 'मैं' निघाले की अब्बा टोकायचे, 'हम बोलो' म्हणायचे. ती सवय मराठीतही सुटलेली नाही.)

आमचे घर डहाणूत. अब्बांचे दोरखंड, जाळ्याचा दोरा, बोये असल्या सामानाचे छोटे दुकान होते. गिऱ्हाईक सगळे मांगेला आणि कोळी समाजाचे. झाईपासून चिंचणीपर्यंतचे तांडेल दुकानाच्या फळीवर बसून चहा प्यायचे आणि बोलायचे ते वाऱ्यापाण्याचेच. त्यामुळे आम्ही कधी होडीत पाय ठेवला नाही, तरी समुद्राची भाषा कानावरून गेलेली होती.

घरात त्या भाषेची जाणकार आमची नानी. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण आज पाणी किती वाजता भरेल हे ती घरात बसून सांगायची. कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. नानी तोच हिशेब चाँदच्या तारखेवर करी. चाँद दिसतो तो अवसेनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणून तारखेत आधी तेवढे मिळवायचे. सातवा चाँद असेल तर एक मिळवून आठ, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, संध्याकाळी पुन्हा तेव्हाच. पंधरा ओलांडले की पंधरा वजा करून हिशेब नव्याने सुरू. शिवाय मुंबईपेक्षा आपल्याकडे पाणी थोडे उशिरा भरते, हे ती ठासून सांगायची.

आमच्या वाचकांपैकी किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ताडून पाहावी. रमजान ईद नेहमी उधाणात येते, कारण ती चाँदच्या पहिल्या तारखेला असते आणि अवसेचे उधाण तेव्हा ओसरलेले नसते. दुपारी शीरखुर्मा खाऊन मुले किनाऱ्यावर जातात तेव्हा पाणी वर आलेले असते. बकरी ईद आणि आशुरा दहाव्या तारखेला, म्हणजे भांगाच्या दिवसांत. तेव्हा पाणी ना धड वर येते, ना धड मागे जाते. शबे-बरातला पुन्हा उधाण. खंबायतच्या आखाताकडे जावे तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते, आणि आम्ही त्या वाटेवर आहोत. म्हणून आमच्याकडे पाणी मागे जाते तेव्हा खूपच मागे जाते आणि खाली दडलेले काळे खडक दूरवर उघडे पडतात.

चाँदने भरती कळते, वाऱ्याची खबर बावट्याने कळते. तीन नंबरचा बावटा लागला की होड्या बाहेर काढायच्या नाहीत, हे आमच्या दुकानात बसणाऱ्या लहान मुलालाही माहीत होते. पुढे बावट्याची जागा मोबाइलने घेतली आणि इशारे इतके यायला लागले की माणसे ते वाचेनाशी झाली. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाचेच घ्या. आधीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण असा पट्टा सांगितला होता, म्हणजे आम्ही बरोबर त्यात. किनाऱ्यावरच्या लोकांना हलवले. वादळ मात्र अलिबागच्या बाजूला जमिनीवर चढले. तिकडे घरांची पत्रे-कौले उडाली आणि इकडे लोक म्हणाले, "काय आलं? काहीच नाही!" पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला 'तौक्ते' समुद्रातून वर गुजरातकडे गेले, तेव्हा आमच्या मामूंनी वाडीत उतरवून ठेवलेले चिकूसुद्धा झाकले नव्हते. गेल्या वर्षीचा अंदाज खोटा ठरला ना, मग यंदाचाही तसाच. अंदाज म्हणजे वचन नव्हे, हे आम्ही वर्गात शिकवतो. घरात कोण ऐकतो!

आता ५ मे. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती, पालघरचे मतदान २० मे रोजी. शाळांना सुट्टी लागली तरी आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे प्रशिक्षण होते. शनिवारी, ४ तारखेला, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश आला. हैदराबादला समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, इन्कॉइस, तिचा इशारा: शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत उसळत्या लाटा, उंची अर्धा ते दीड मीटर. आम्ही वाचला आणि वर सांगितले तसा फूटपट्टीचा हिशेब केला. वरून चक्रीवादळ नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. संदेश पुढे सरकला, त्याखाली कुणीतरी जेवणाच्या डब्याचा फोटो टाकला होता.

रविवारी भिवंडीहून बहीण आली, सोबत बारा वर्षांचा भाचा. लूमच्या खडखडाटात वाढलेले पोर, त्याला समुद्र म्हणजे जीव की प्राण. चाँदची पंचवीस तारीख होती. पंचविसातून पंधरा गेले, दहा. दोन मिळवून बारा, पाऊणपट नऊ. म्हणजे नऊ-साडेनऊला भरती आणि साडेतीनच्या पुढे पूर्ण ओहोटी. नानीचा हिशेब आम्ही भाच्याला मोठ्या ऐटीत करून दाखवला आणि जोहर पढून सगळे किनाऱ्यावर गेलो. हिशेब बरोबर निघाला. खडक उघडे, पाणी लांब, वारा असा की पान हलू नये. भाचा खडकांवरून उड्या मारत पुढे गेला, आम्ही वाळूत बसून बहिणीशी घरच्या गोष्टी बोलत होतो.

पहिली लाट आम्ही पाहिली तेव्हा तिच्यात भीतीसारखे काही वाटले नाही. आवाज न करता एक जाड घडी पडावी तशी ती आली आणि खडकाच्या कडेला येऊन एकदम उभी राहिली. मग फुटली. भाचा ज्या खडकावर होता त्याच्या मागच्या खळग्यात पाणी भरले आणि तो पलीकडे राहिला. दुसरी लाट त्याच्या छातीवर आली. आम्ही धावलो, पण शेवाळावरून धावता येते का? तिथे कालवं काढणारी एक बाई होती. तिने हातातली कोयती टाकली आणि ओरडली, "बस खाली! उठू नको! दगडाला धर!" भाचा बसला. तिसरी लाट त्याच्यावरून गेली. ती गेल्यावर बाई खळग्यात उतरली, कमरेएवढ्या पाण्यातून त्याचा दंड धरून त्याला अलीकडे आणले. दोन्ही गुडघे कालवांच्या धारेने फाटले होते. त्यानंतर चांगली पाच-सात मिनिटे समुद्र पुन्हा तळ्यासारखा.

"सकाळपासून असंच चाललंय," ती बाई म्हणाली. "वारा नाय, तरी पाणी भरून येतंय. तीन-चार येतात नि गप. पोराला सोडलंत कसं तुम्ही?"

बहीण काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. इशारा आमच्या खिशात होता आणि तो आम्ही वाचलेला होता.

दुसऱ्या दिवशी, ६ मे रोजी, कन्याकुमारी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुले-मुली अशाच लाटांत बुडून गेली. ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा भाचा गुडघ्यांना पट्ट्या बांधून आमच्या शेजारी बसला होता. आम्ही टीव्ही बंद केला.

मग सुट्टीभर आम्ही वाचत बसलो. कळले ते असे. या लाटा इथल्या वाऱ्याच्या नसतात. हजारो किलोमीटर दक्षिणेला, महासागरात वादळ होते आणि त्याच्या लाटा कित्येक दिवस चालत आपल्याकडे येतात. इथे वारा असो नसो. केरळचे मच्छीमार त्यांना 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. इशाऱ्यात जी उंची सांगतात ती सहसा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही होऊ शकते. आणि उंचीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सेकंद. एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते? इथल्या वाऱ्याची लाट पाच-सात सेकंदांची. दुरून आलेली पंधरा, अठरा, वीस सेकंदांची. सेकंद जितके जास्त तितके तिच्या पोटात पाणी जास्त, आणि उथळ खडकाला पाय लागला की ती तितकीच उंच उभी राहते. आमच्या समोरचा समुद्र सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे. येता येता लाटा थकतात, म्हणूनच आमचा किनारा बहुतेक दिवस गरीब दिसतो. आमची फसगत त्या गरिबीने केली.

गंमत अशी की जगात काही लोक याच लाटेची वाट पाहत बसतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली सर्फिंगची स्पर्धा पॅरिसपासून समुद्रापार ताहिती बेटावर, तेआहुपो इथे झाली. पाण्याखालच्या प्रवाळ खडकावर फुटणारी लाट तिथे आहे, म्हणून. आम्ही ती वर्गातल्या मुलांना मोबाइलवर दाखवली. एका मुलीने विचारले, "टीचर, यांना कसं कळतं लाट कधी येणार?" त्या लोकांचे अंदाजपत्रक आम्ही पाहिले होते: लाटेची उंची, सेकंद, कुठल्या दिशेने, वारा, भरती-ओहोटीची वेळ. खेळणाऱ्यांना पाच गोष्टी लागतात आणि आम्ही पोरांना खडकावर सोडताना एकच पाहिली होती.

तेव्हापासून आमच्या वर्गाच्या फळ्याचा उजवा कोपरा समुद्राला दिला आहे. उर्दूत लिहितो: चाँद, मद्द, जज़र, मौज, सेकंद, हवा. मद्द आणि जज़र हे शब्द आम्हाला हालींच्या मुसद्दसच्या नावामुळे माहीत. 'मद्दो-जज़रे-इस्लाम' हे तिचे पूर्ण नाव, १८७९ ची. कॉमच्या चढउताराला हालींनी समुद्राचे शब्द वापरले आणि आम्ही ते शब्द परीक्षेपुरते पाठ केले. मुलांचीही तीच तऱ्हा होती. 'मद्दो-जज़र की तारीफ़ बयान करो' म्हटले की घडाघडा सांगत. भरती म्हणजेच मद्द, हे सांगितल्यावर वर्गातल्या अर्ध्या मुलांनी आमच्याकडे संशयाने पाहिले. पुस्तकातली गोष्ट खिडकीबाहेर असू शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

एका पालकांनी येऊन विचारले, हे दहावीला येते का? आम्ही म्हटले, नाही. ते म्हणाले, मग? पण त्याच वर्गात एक मुलगी फळ्याचा तो कोपरा रोज वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून नेते. तिचे वडील तलासरी तालुक्यातल्या झाईच्या होडीवर खलाशी आहेत. मराठी बोलतात, वाचत नाहीत. उर्दू वाचतात. जिल्ह्याचा इशारा मोबाइलवर 'पालघर, ऑरेंज' असा येतो, तो पावसाचा. जव्हारच्या डोंगराला आणि झाईच्या बंदराला एकच रंग. त्या रंगावरून खलाशाने काय समजायचे? २९ मार्च २०२५ च्या शनिवारी मुलांनी फळ्यावर लिहिले, ईदला मोठे उधाण, दुपारी खडकांकडे जाऊ नये. ते चाँदच्या हिशेबाने मुलांनीच काढले होते. चाँद तर अजून दिसायचा होता.

सेकंद पंधराच्या वर गेले की मीटर कितीही कमी असोत, खडकावर जायचे नाही, असा आमच्या वर्गाचा कायदा आहे. तो आमचाच, कुठल्या कार्यालयाचा नाही.

अब्बांच्या दुकानात बसणारे झाईचे एक तांडेल आता थकले आहेत. त्यांना आम्ही हे सारे सांगितले तेव्हा ते हसले. "मास्तर लोकांना सेकंद लागतात," म्हणाले, "आम्ही होडी किती वेळ वर राहते ते बघायचो." म्हणजे तेच. मग त्यांनी वाढवणचे काढले. ३० ऑगस्ट २०२४ ला तिथल्या बंदराची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटरचा लाटा अडवणारा बंधारा. वाढवण-वरोरच्या खडकांवर कालवं आणि खेकडे काढणाऱ्या बाया त्यांच्या नात्यातल्या. "एवढा बांध घातला की लाट कुठं जाईल? तू भूगोल शिकवतेस-शिकवतोस ना तुम्ही लोक, सांग." आम्ही सांगितले की बांधाच्या आडोशाला लाट लहान होते आणि जिथे वळते तिथली वाळू हलवते. "कुठली वाळू?" त्यांनी विचारले. चहा आला, म्हणून आम्ही सुटलो.

भाच्याच्या गुडघ्यांवर पांढरे वण आहेत. गेल्या महिन्यात त्याचा भिवंडीहून फोन आला, रविवारी येऊ का म्हणून. ये म्हणण्याआधी त्यानेच विचारले, "सेकंद किती आहेत?" आम्ही त्याला फोनवर थांबवून पाहिले. नऊ. वारा दक्षिणेचा, हलका. ओहोटी पावणेचारला.

"अम्मीला घेऊन ये," आम्ही म्हटले.

तो आला. बहीण आली नाही.