जिभेची टेस्ट झाली, फुप्फुसाचं काय?

आमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. परवा विचारतो, "मामा, व्हेपचे फ्लेवर टेस्ट करायला ड्रिपर बरा की टँक? आणि कापूस कुठला?" म्हटलं, बस, नीट बोलू.

ड्रिपरमध्ये कॉइलवर थेंब टाकायचे आणि फ्लेवर बदलला की कापूसही बदलायचा, कारण जुन्या कापसात आधीची चव राहते. म्हणून टेस्ट करणारे ड्रिपर घेतात. पूर्वी सिलिकाची वात असायची, आता कापूस किंवा रेयॉन. वात कोरडी पडली की कापूस करपतो आणि जास्त तापलेल्या ग्लिसरिनमधून फॉर्माल्डिहाइड निघतं.

पण ही सगळी निवड जिभेसाठी! लोण्याची चव देणारं डायॲसिटिल खाण्यात चालतं. अमेरिकेत मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात कामगारांच्या श्वासात त्याची वाफ गेली आणि काहींची फुप्फुसं कायमची अधू झाली. २००० साली हे उघड झालं. 'फूड ग्रेड' म्हणजे खायला, ओढायला नव्हे.

आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी भाच्याच्या कॉलेजबाहेर टपरीवर माल मिळतोच. म्हणजे बाटलीत काय आहे ते कुणी तपासत नाही, आणि बंदीही कागदावरच.

मंडळी, उद्या तुमच्या घरातही हा प्रश्न येईल. पोरांवर ओरडू नका, एवढं समजावून सांगा. आणि टपरीची तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या.