अर्धी गोळी

हे लिहावं की लिहू नये, यात दोन दिवाळ्या गेल्या. शेवटी धाकट्या जाऊबाईच म्हणाल्या, "लिहा हो वहिनी, निदान चार जणी वाचून शहाण्या होतील." त्यांची परवानगी मिळाली, म्हणून धीर आला.

आमचे 'हे' गेले २०१८ च्या श्रावणात. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. मग मुलगा-सून पुण्याला परतले आणि डोंबिवलीच्या या दोन खोल्यांत मी एकटी उरले. दिवस जायचा. मंडई, देवळात एक चक्कर, दुपारी शेजारच्या मुलांचं व्याकरण. रात्र मात्र जात नसे. शेवटची लोकल गेली की स्टेशनाकडचा आवाज बंद होतो, आणि पहाटेची पहिली गाडी सुटली की पुन्हा सुरू होतो. या दोन्हींच्या मधला वेळ मी तासातासाने मोजलेला आहे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, पाव मिलिग्रॅमची. "पंधरा दिवस घ्या, मग या दाखवायला." पहिल्या रात्री अशी झोप लागली म्हणता... सकाळी दूधवाला बेल वाजवून वाजवून परत गेला! पंधरा दिवसांनी दाखवायला काही गेले नाही. बरं वाटत होतं, मग कशाला जायचं? एकतीस वर्षं मुलांना 'सूचना नीट वाचा' असं ओरडून सांगणारी मी, कागदावरचे 'पंधरा दिवस' हे दोन शब्द सोयीस्कर विसरले.

पुढे २०२० चं लॉकडाउन आलं. ओळखीचा दुकानदार त्याच जुन्या चिठ्ठीवर पट्ट्या देत राहिला. दोष त्याच्यावर ढकलत नाही, मागणारी मीच होते. पावाची अर्धा मिलिग्रॅम कधी झाली तेही सांगता येणार नाही. गोळी चालेनाशी झाली, म्हणून वाढवली. मेंदूला औषधाची सवय होते आणि तेवढ्याच झोपेसाठी जास्त लागायला लागतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, कंपनीने गोळीत काटछाट केली असेल!

आता मुख्य गोष्ट.

२०२२ च्या दिवाळीत जाऊबाई कल्याणहून चार दिवस राहायला आल्या. वय सहासष्ट, अंगाने भरलेल्या, घोरणं असं की आम्ही लग्नघरात त्यांना वेगळी खोली द्यायचो. खोकला झाला होता, त्याचं औषध बरोबर होतं. भाऊबिजेच्या रात्री म्हणाल्या, "वहिनी, खोकून खोकून झोपच नाही हो." मी मोठ्या प्रेमाने माझ्या डब्यातली गोळी काढली. "ही घ्या, काही होत नाही. मी चार वर्षं घेतेय."

सकाळी नऊ वाजले तरी त्या उठेनात. हाक मारली की "हं" म्हणायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या. घोरणं मधेच थांबायचं. थांबायचं म्हणजे श्वासच थांबायचा, मग एकदम मोठा आचका देऊन सुरू व्हायचा. पुतण्याला फोन केला, रिक्षा आली, दवाखाना गाठला.

तिथे एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, "रात्री काही वेगळं औषध घेतलं होतं का?"

पुतण्या माझ्याकडे बघत होता. आणि मी म्हटलं, "नाही. खोकल्याचं तेवढं."

हो, मी खोटं बोलले. चाळीस-चाळीस पोरांसमोर खरं बोलण्याचे धडे दिलेली बाई, पुतण्यासमोर लाज वाटली म्हणून खोटं बोलली. बाकावर बसून राहिले. त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली दिसत होती. अर्धा तास गेला असेल. मग उठले, त्या मुलीला गाठलं आणि पर्समधली पट्टीच तिच्या हातात दिली.

ती रागावली नाही. "आजी, बरं झालं सांगितलंत. आता मला कळलं काय बघायचं ते." खोकल्याच्या बाटलीवर कोडीन लिहिलेलं होतं. कोडीन अफूच्या कुळातलं आहे. ते आणि ही गोळी दोन्ही श्वास मंद करतात आणि एकत्र आली की एकमेकींचा जोर वाढवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. त्यात घोरताना श्वास अडकणारा माणूस असेल, तर बघायलाच नको. दारूचंही तसंच.

जाऊबाई दुसऱ्या दिवशी घरी आल्या. देवाची कृपा, आणि त्या मुलीचीही. पण तो अर्धा तास माझ्या हिशेबात अजून बाकी आहे.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आजपासून बंद करते." ते घाईने म्हणाले, "अजिबात नाही!" इतकी वर्षं घेतलेली गोळी एकदम थांबवली, तर झोप आणखी उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटसुद्धा येते. सोडायची ती उतरंड उतरल्यासारखी, हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, म्हणून माझं इथे देत नाही. मला साडेचार महिने लागले. मधे एक आठवडा असा गेला की रडूच आलं. एक पायरी मागे न जाता तिथेच थांबायला सांगितलं आणि मग पुढे गेलो.

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली. गोळी खाल्ली की तरुण माणसाच्या रक्तातलं औषध निम्म्यावर यायला साधारण अकरा तास लागतात, आमच्या वयात सोळा. म्हणजे सकाळी पूजेला बसते तेव्हाही रात्रीची गोळी अंगात असतेच. रोज त्यावर नवी भर. मला आठवलं, त्या वर्षी मी दोनदा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते आणि दोन्ही वेळा लादीला दोष दिला होता. नावं विसरायला लागले होते, ते वयाच्या खात्यावर टाकलं होतं. झोल्पिडेम नावाची दुसरी गोळी बऱ्याच जणी घेतात. तिचंही तेच. बायकांच्या अंगातून ती हळू उतरते, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेत बायकांसाठीची मात्रा दहावरून पाच मिलिग्रॅम केली.

गंमत बघा. या कुळातल्या पहिल्या गोळ्या लिब्रियम (१९६०) आणि व्हॅलियम (१९६३) रोश कंपनीच्या, आणि त्याच रोशचा कारखाना आपल्या ठाण्यात बाळकुमला होता. माझा मामेभाऊ रोज सायकलने तिकडे जायचा. १९९३ मध्ये निकोलस पिरामलने रोशचा इथला व्यवसाय घेतला. आता त्या बाजूला टॉवरच टॉवर. भाऊ म्हणायचा, "आम्ही औषध मोजून भरतो, तुम्ही मोजून खा." तेव्हा हसलो होतो.

कायदाही तेच सांगतो. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन ही औषधं 'एच-वन' यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दुकानदाराने रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध, किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षं जपायचं. आमच्या हजेरीपटासारखंच! पट्टीवर लाल चौकट असते. मी चार वर्षं ती चौकट बघत होते, वाचत नव्हते.

आता झोप कशी येते? खरं सांगू, पहिल्यासारखी नाही. पाच-साडेपाच तास. पण माझी आहे. रात्री कितीही जागी राहिले तरी सकाळी साडेपाचला उठतेच. दुपारचं लवंडणं बंद. चारनंतर चहा नाही. गादीवर फक्त झोपायचं, तिथे वाचन नाही, फोन नाही. वीस-पंचवीस मिनिटं डोळा लागला नाही, तर उठून बाहेरच्या खोलीत बसते, पेंग आली की परत जाते. पहिले दोन आठवडे ही शिक्षाच वाटली. डॉक्टर म्हणाले, जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय हाच मानतात, गोळी नंतर.

गोळी वाईट असं मी म्हणत नाही. हे गेल्यावरचे ते पहिले पंधरा दिवस तिने मला सावरलं. पंधराच दिवस घ्यायची होती, एवढंच.

तर पुतण्या, तू हे वाचशीलच. त्या दिवशी तू मला विचारलं नाहीस की मी उठून त्या डॉक्टर मुलीशी काय बोलायला गेले. तेच हे. काकूला माफ कर.

आणि बाकीच्या मंडळींनो, आज घरातला औषधांचा डबा उघडून बघा. लाल चौकटीची पट्टी असेल तर तिची चिठ्ठी कुणाच्या नावाची आणि किती दिवसांची आहे, तेवढं वाचा.

जाऊबाई परवा येताहेत. या वेळी खोकला नाही. घोरणं आहेच, पण त्याची तपासणी झाली आणि रात्री त्या नाकाला यंत्र लावून झोपतात. माझी झोप मोडणार, पण मोडू दे.