पिशवीचे दुखणे

माणदेशातील स्त्रीच्या तोंडी 'गर्भाशय' हा शब्द सहसा येत नाही. ती म्हणते 'पिशवी'. पिशवी सुजली, पिशवीला गाठ आली, पिशवी खाली आली. आणि शेवटी, बहुधा फार लवकर, पिशवी काढली. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवडच्या परिसरात, परिचारिका म्हणून मी एकोणीस वर्षे काम केले. हे शेवटचे वाक्य तिथे ज्या सहजतेने उच्चारले जाते, ती सहजता मला आजही अस्वस्थ करते. दाढ काढून आलेला माणूससुद्धा याहून अधिक कुरकुर करतो.

हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. दुष्काळाचा आणि स्त्रीच्या आजाराचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. गावात टँकर येऊ लागला की घरात पाण्याची पहिली काटकसर होते ती पाळीच्या कपड्यांवर. ते अर्धेमुर्धे धुतले जातात आणि ऊन न लागता, दुसऱ्या लुगड्याखाली लपवून वाळवले जातात. बाळंतीण महिन्याभरात डोईवर हंडे घेते. दिवाळीनंतर काही कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, धनगरांची बिऱ्हाडे मेंढरांमागे कोकणाच्या वाटेला लागतात. उसाच्या फडात एक दिवस चुकला तर खाडा भरावा लागतो. अशा ठिकाणी पांढरे पाणी जाते म्हणून तपासून घ्यायला कोण जाणार? दुखणे अंगावर काढायचे, हाच रिवाज.

पोटुशी बाई मात्र दवाखान्याला दिसते. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होऊ लागली. त्याने झालेले भले मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण नऊ महिन्यांचा तो काळ सोडला तर स्त्रीच्या उरलेल्या आयुष्याला अशी ठरलेली तारीख नाही. शाळेतल्या मुलीला आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळते, ती घेतली की नाही हे कधी विचारले जाते, कधी नाही. लेकरे झाली, शस्त्रक्रिया करून घेतली, की तिचे नाव नोंदवहीतून जणू पुसले जाते.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. गडचिरोली जंगलाचा, माण माळाचा. पण तो लेख माझ्या हाती आला तेव्हा मला आमचीच गावे दिसली.

तपासणीच नाही, मग उपचार कसला? जंतुसंसर्गाला औषध असते, अतिरक्तस्रावालाही गोळ्या असतात. पण त्यांना धीर लागतो, फेऱ्या लागतात, बुडालेला रोज लागतो. शस्त्रक्रिया एकदाच होते. 'कॅन्सर होईल' एवढे शब्द ऐकले की घरचे शेरडू विकायला तयार होतात. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकींची पिशवी काढलेली होती. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण तिशीत पिशवीबरोबर बीजकोशही गेले की पाळी एकाएकी संपते, अंगातून वाफा निघतात, हाडे अकाली ठिसूळ होतात, हे त्या स्त्रीला आधी बसवून सांगावे, एवढी साधी गोष्ट मात्र फारशी कोणी केली नाही. काही वेळा पिशवी काढावीच लागते, हे मी नाकारत नाही.

आणि ज्या कर्करोगाचे भय दाखवले जाते, त्याचे काय? आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्यांची विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनंतरच्या राष्ट्रीय पाहणीत, तिशी ते पन्नाशीच्या शंभर स्त्रियांत अशी कोणतीही तपासणी झालेल्या दोघीही भरल्या नाहीत.

म्हाताऱ्यांचे तर कोणी विचारतच नाही. एका आजींचे अंग बाहेर येत होते, वीस वर्षे. त्या चिंधीचा बोळा बसवून शेतात जात. रबरी कडी बसवली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच व्हतं व्हय?" पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर लगेच यायचे, हे मी अशा प्रत्येकीला सांगत असे; लाजेपोटी तेच लपवले जाई.

नोकरीच्या अखेरच्या वर्षी एक बाई आली. स्वतःची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढलेली; चाळिशीआधीच कमरेत वाकलेली. सोबत बारा वर्षांची मुलगी. "बाई, ही शाणी झाली गेल्या म्हयन्यात," ती म्हणाली. "हिची पिशवी कवा काढाया लागंल?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. लग्न कधी, असे विचारावे तसे तिने विचारले होते. मी भिंतीवरचा शरीररचनेचा तक्ता उतरवून मेजावर पसरला आणि मुलीला जवळ बोलावले. आई दाराशीच उभी होती. तिलाही खुर्ची ओढून दिली.